बोईसरला फ्लॅट की पवईच्या ऑफिसचं भाडं? निवृत्तीच्या पैशात 'रीट'चं काम काय

निवृत्तीचे पैसे हातात आले की चिंचणी-बोईसर पट्ट्यात एक सल्ला फुकट मिळतो. "जागा घेऊन टाका."

तारापूर एमआयडीसीतला कामगार असो, अणुऊर्जा केंद्रातला कर्मचारी असो की शाळेतले गुरुजी असोत, पीएफ आणि ग्रॅच्युइटीची रक्कम बँकेत जमा झाल्याची कुणकुण लागली की कुणी बोईसरला वन बीएचके सुचवतं, कुणी वाणगावकडचा प्लॉट दाखवायला नेतं. त्यात आता वाढवण बंदराची भर पडली आहे. चिंचणीच्या उत्तरेला वरोर आणि त्याच्यापुढे वाढवण. ७६,२२० कोटी रुपयांच्या या बंदराला केंद्रीय मंत्रिमंडळानं जून २०२४ मध्ये मंजुरी दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरमध्ये पंतप्रधानांच्या हस्ते पायाभरणी झाली. बोईसरला बुलेट ट्रेनचं स्टेशनही होणार आहे. मच्छीमारांचा आणि किनाऱ्यावरच्या गावांचा बंदराला विरोध आहे, तो स्वतंत्र विषय. पण 'आत्ता घ्या, उद्या दुप्पट' हे वाक्य गावोगाव फिरतंय.

याच काळात मोबाइलवर दुसरं एक वाक्य फिरतंय. "पाचशे रुपयांत ऑफिसचे मालक व्हा, घरबसल्या भाडं खा." हे आहे रीट, म्हणजे रिअल इस्टेट इन्व्हेस्टमेंट ट्रस्ट. रीलमध्ये ते फार सोपं दिसतं. म्हातारपणाच्या पैशासाठी ते किती उपयोगाचं आहे, हे रीलमध्ये सांगितलं जात नाही.

रीट म्हणजे नेमकं काय?

समजा, एक मोठी ऑफिस इमारत आहे. किंमत हजार कोटी, आत आयटी कंपन्या आणि बँका भाडेकरू. ही इमारत एकट्यादुकट्यानं घेणं शक्य नाही. म्हणून एक ट्रस्ट तयार होतो, अशा अनेक इमारती त्याच्या मालकीत येतात आणि त्या मालकीचे छोटे छोटे भाग पाडून शेअर बाजारात विकले जातात. त्या भागाला 'युनिट' म्हणतात. भाडं ट्रस्टकडे जमा होतं, खर्च आणि कर्जाचं व्याज वजा होतं आणि उरलेली रक्कम युनिटधारकांना वाटली जाते.

तसं पाहिलं तर मालमत्तेचं उत्पन्न एखाद्या कामासाठी कायमचं लावून द्यायची पद्धत चिंचणीच्या मातीत हजार वर्षांपासून आहे. इथे सापडलेल्या प्राचीन ताम्रपटांपैकी एक शके ९५६ चा, म्हणजे इ. स. १०३४ चा आहे. त्यात संयान म्हणजे आजच्या संजाणच्या चामुंडराजानं एका मठिकेला तेलाचा घाणा दान दिल्याची नोंद आहे. घाण्यातून तेल येत राहावं आणि देवीपुढचा दिवा जळत राहावा, अशी सोय. मूळ मालमत्ता तशीच ठेवायची आणि तिच्या उत्पन्नावर काम चालवायचं. निवृत्त माणसालाही हेच हवं असतं. फरक एवढाच की मठिकेला घाणा विकायची वेळ येणार नव्हती, माणसाला हॉस्पिटलचं बिल भरायची वेळ येते.

अमेरिकेत रीटचा कायदा १९६० मध्ये झाला. भारतात सेबीनं नियम आणले सप्टेंबर २०१४ मध्ये, पण पहिला रीट बाजारात यायला १ एप्रिल २०१९ उजाडला. तो होता एम्बसी ऑफिस पार्क्स. त्यानंतर २०२० मध्ये माइंडस्पेस, २०२१ मध्ये ब्रुकफिल्ड इंडिया, २०२३ मध्ये मॉलवाला नेक्सस सिलेक्ट आणि ऑगस्ट २०२५ मध्ये नॉलेज रिअल्टी ट्रस्ट.

ही नावं परकी वाटली तरी इमारती ओळखीच्या आहेत. नरिमन पॉइंटचं एक्सप्रेस टॉवर्स एम्बसीकडे आहे. ऐरोलीची माइंडस्पेस संकुलं आणि मालाडच्या माइंडस्पेसमधला एक भाग माइंडस्पेस रीटकडे. पवईतल्या हिरानंदानीच्या अनेक ऑफिस इमारती ब्रुकफिल्डकडे. सीवूड्स स्टेशनवरचा मॉल नेक्ससचा. बोईसरहून लोकल धरून मालाडला नोकरीला जाणारी मुलं ज्या खुर्चीवर बसतात, त्या खुर्चीखालच्या जागेचं भाडं कुणाच्या तरी डिमॅट खात्याशी जोडलेलं असू शकतं.

पूर्वी अडीच लाख लागायचे, आता एक युनिट पुरतं

एम्बसीच्या पहिल्या विक्रीत किमान ८०० युनिट घ्यावे लागत होते. एक युनिट ३०० रुपयांना, म्हणजे किमान दोन लाख चाळीस हजार. सामान्य माणूस तिथेच थांबला. २०२१ मध्ये सेबीनं ही अट काढली आणि शेअरसारखं एक-एक युनिट घेता-विकता येऊ लागलं. सध्याच्या रील्सचा पूर या बदलानंतरचा आहे.

नियमांतल्या तीन गोष्टी निवृत्तीच्या दृष्टीनं महत्त्वाच्या आहेत. ट्रस्टच्या एकूण मालमत्तेपैकी किमान ८० टक्के मालमत्ता बांधून पूर्ण झालेली आणि उत्पन्न देणारी असावी लागते, त्यामुळे अर्धवट टॉवरमध्ये पैसे अडकण्याची शक्यता कमी होते. वाटपयोग्य रोख रकमेपैकी किमान ९० टक्के रक्कम युनिटधारकांना द्यावी लागते, तीही वर्षातून किमान दोनदा. मोठे रीट सहसा दर तिमाहीला देतात. तिसरी गोष्ट म्हणजे कर्जाला ४९ टक्क्यांची मर्यादा आहे आणि २५ टक्क्यांच्या वर जायचं तर पतमानांकन आणि युनिटधारकांची मंजुरी लागते.

इथे एक घोटाळा टाळायला हवा. 'स्मॉल अँड मीडियम रीट' हा वेगळा प्रकार मार्च २०२४ मध्ये आला. त्यात ५० ते ५०० कोटींच्या मालमत्ता असतात आणि किमान दहा लाख रुपये लागतात. एका-दोन इमारतींवर सगळा भार. निवृत्तीच्या पुंजीतले दहा लाख एकाच इमारतीत टाकणं आणि दहा-वीस संकुलांमधला वाटा घेणं, यात बराच फरक आहे.

बोईसरच्या फ्लॅटशी हिशेब लावला तर?

समजा, तीस लाखांचा फ्लॅट आहे आणि भाडं महिन्याला आठ हजार. वर्षाचे ९६ हजार, म्हणजे ३.२ टक्के. यातून सोसायटीचे महिना दीड हजार, भाडेकरू बदलताना रिकामा गेलेला एक महिना, घरपट्टी, रंग, नळदुरुस्ती असं सगळं काढलं तर हातात साठेक हजार उरतात. तीस लाखांवर दोन टक्के. मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च यात धरलेलाच नाही.

फ्लॅट घेणारा भाड्यासाठी घेत नाही, किंमत वाढेल म्हणून घेतो. ती वाढेलही. पण सत्तराव्या वर्षी गुडघ्याच्या ऑपरेशनला तीन लाख लागले तर फ्लॅटची एक खोली विकता येत नाही. रीटचे तीन लाखांचे युनिट विकले तर पैसे एक-दोन कामकाजाच्या दिवसांत खात्यात येतात.

प्लॉटच्या बाबतीत पालघर जिल्ह्यात आणखी गाठी आहेत. आदिवासी खातेदाराची जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय बिगरआदिवासीला घेता येत नाही. डहाणू तालुका, ज्यात चिंचणी येतं, १९९१ च्या केंद्रीय अधिसूचनेपासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे, त्यामुळे जमीन वापरावर बंधनं आहेत. आणि सातबाऱ्यावर चुलत्या-पुतण्यांची पंधरा नावं असतील तर त्यातला गुंता गावात कुणाला समजावून सांगायची गरज नाही.

मुख्य मुद्दा पुढेच आहे. चिंचणीतल्या ज्या माणसाचं स्वतःचं घर आहे, मागे थोडी वाडी आहे आणि भावांत सामायिक जमीन आहे, त्याची बहुतेक संपत्ती आधीच दहा किलोमीटरच्या आत जमिनीत आहे. त्यात निवृत्तीचे पैसे घालून आणखी एक फ्लॅट घेणं म्हणजे सगळी होडी एकाच खाडीत. बंदर आलं तर, रखडलं तर, एमआयडीसीतले कारखाने हलले तर, प्रत्येक गोष्टीचा परिणाम एकदमच होणार. रीटचा त्याला उपयोग असेल तर तो इथे आहे. जागेचंच उत्पन्न, पण दुसऱ्या गावातलं, दुसऱ्या धंद्यातल्या भाडेकरूंचं.

"सहा टक्के मिळतात" म्हणजे काय मिळतं?

गेल्या काही वर्षांत भारतातल्या मोठ्या रीटचं वाटप युनिटच्या बाजारभावाच्या साधारण पाच ते सात टक्क्यांच्या पट्ट्यात राहिलं आहे. हा आकडा एफडीच्या व्याजाशेजारी ठेवून तुलना केली जाते आणि तिथेच फसगत होते. कारण खात्यात एकरकमी आलेल्या पैशाचे आत तीन-चार तुकडे असतात.

इमारती सहसा थेट ट्रस्टच्या नावावर नसतात. प्रत्येक संकुलाची एक वेगळी कंपनी असते आणि त्या कंपनीची मालकी ट्रस्टकडे. ट्रस्टनं तिला कर्जही दिलेलं असतं. भाडं त्या कंपनीकडे येतं आणि ती ते ट्रस्टला तीन वाटांनी पाठवते. कर्जावरचं व्याज म्हणून, लाभांश म्हणून आणि कर्जाच्या मुद्दलाची परतफेड म्हणून. युनिटधारकाकडे पैसे पोहोचतात तेव्हा ही लेबलं चिकटलेलीच असतात आणि प्रत्येकाचा कर निराळा असतो.

व्याजाचा भाग तुमच्या उत्पन्नात मिळवला जातो, स्लॅबप्रमाणे कर लागतो आणि त्यावर १० टक्के टीडीएस कापला जातो. लाभांश, जर त्या कंपनीनं कमी दराची करप्रणाली निवडलेली नसेल तर करमुक्त, निवडली असेल तर करपात्र. मुद्दलाच्या परतफेडीवर त्या वर्षी सहसा कर नाही, पण तेवढ्यानं तुमची खरेदी किंमत कमी धरली जाते. २०२३ च्या अर्थसंकल्पानंतर हा नियम पक्का झाला.

आकड्यात पाहू. युनिट ३०० रुपयांना घेतलं, वर्षात १८ रुपये मिळाले. समजा त्यात तीन रुपये व्याज, सहा लाभांश आणि नऊ मुद्दल. रीलवाला म्हणेल, सहा टक्के. खरं आहे. पण करखात्याच्या लेखी तुमची खरेदी किंमत आता २९१ झाली. दहा वर्षं असंच चाललं तर २१०. तेव्हा युनिट ३०० लाच विकलं तरी ९० रुपयांचा नफा झाला असं धरलं जाईल. एका वर्षाहून जास्त ठेवलेल्या युनिटवरच्या दीर्घकालीन नफ्याला जुलै २०२४ पासून १२.५ टक्के कर आहे, वर्षाला सव्वा लाखापर्यंतचा असा नफा माफ. छोट्या गुंतवणूकदाराला प्रत्यक्षात कर लागणारही नाही. पण हिशेब ठेवावा लागतो, आणि सत्तरीतल्या माणसाला तो ठेवायचा कंटाळा येतो हे धरूनच चालायला हवं.

यात फसवणूक नाही. मुद्दल म्हणून आलेले नऊ रुपयेही शेवटी भाड्यातूनच आलेले असतात, इमारत विकून नाही. पण 'सहा टक्के व्याज' हा शब्दप्रयोग चुकीचा आहे. ज्याचं एकूण उत्पन्न नव्या करप्रणालीत करमाफीच्या मर्यादेत बसतं, त्याला कापलेला टीडीएस परत मिळतो, मात्र त्यासाठी रिटर्न भरावं लागतं. पोस्टातल्या व्याजाची सवय असलेल्यांना ही भानगड नवी असते.

आणि मूळ रक्कम कमी होऊ शकते

एफडीत एक लाख टाकले तर मुदतीनंतर एक लाख परत येतात. रीटचा भाव रोज बदलतो. ब्रुकफिल्ड इंडियाचं युनिट २०२१ मध्ये २७५ रुपयांना विकलं गेलं होतं, २०२३ मध्ये ते त्या किमतीच्या खाली होतं. इमारती जागेवर होत्या, भाडं येत होतं, तरीही.

का? एक तर व्याजदर. मे २०२० मध्ये ४ टक्के असलेला रेपो दर फेब्रुवारी २०२३ पर्यंत ६.५ टक्के झाला. बँकेत बिनधोक सात टक्के मिळत असतील तर सहा टक्क्यांच्या रीटसाठी कुणी जुना भाव देत नाही. शिवाय ट्रस्टच्या स्वतःच्या कर्जाचं व्याज वाढतं. दर उतरले की गाडी उलट दिशेला जाते. २०२५ मध्ये रेपो दर ६.५ वरून ५.२५ पर्यंत खाली आला आणि रीटची चर्चा पुन्हा वाढली, हा योगायोग नाही.

दुसरं कारण रिकाम्या जागा. कोरोनात ऑफिसं ओस पडली. ऐरोलीसारखी संकुलं विशेष आर्थिक क्षेत्रात, म्हणजे सेझमध्ये होती. मार्च २०२० नंतर नव्या युनिटांना तिथली आयकर सवलत बंद झाली आणि सेझमधली रिकामी जागा साध्या कंपनीला देता येत नव्हती. डिसेंबर २०२३ मध्ये नियम बदलून मजल्यानुसार जागा सेझमधून वेगळी काढायची मुभा मिळाली, तेव्हा कोंडी फुटू लागली. घर भाड्यानं देणाऱ्याला भाडेकरू जाण्याची भीती कळते. रीटमध्ये ती भीती हजारो युनिटधारकांत वाटली जाते, नाहीशी होत नाही.

सेबीनंही आता याची नोंद घेतली आहे. १ जानेवारी २०२६ पासून म्युच्युअल फंडांची रीटमधली गुंतवणूक इक्विटीत, म्हणजे शेअरच्या रकान्यात धरली जाते. घरच्या वहीतही रीट त्याच रकान्यात लिहावं. एफडीच्या नाही.

मग किती ठेवायचं?

आधी पायाचं बघू. खासगी कारखान्यातल्या कामगाराची ईपीएफ पेन्शन पंधरा हजारांच्या पगारमर्यादेवर मोजली तर पस्तीस वर्षांच्या नोकरीनंतरही साडेसात हजारांच्या आसपास बसते. किमान पेन्शन २०१४ पासून एक हजारावरच आहे. म्हणजे खरा आधार एकरकमी पुंजीचा.

समजा चाळीस लाख हातात आहेत. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत तीस लाखांपर्यंत ठेवता येतात. तिचा दर एप्रिल २०२३ पासून ८.२ टक्के आहे, म्हणजे दर तिमाहीला ६१,५०० रुपये, पाच वर्षं पक्के. कुठल्याही रीटनं आज याच्याशी बरोबरी करायचा प्रयत्न करू नये. चार-पाच लाख आजारपणासाठी बँकेत हवेत.

मग रीट हवंच कशाला? कारण ६१,५०० चा आकडा वाढत नाही. महागाई वर्षाला सहा टक्के धरली तर वीस वर्षांनी या रकमेत आजच्या सुमारे १९ हजारांचाच बाजार होईल. साठीत निवृत्त झालेल्या जोडप्यापैकी एकजण ऐंशीपर्यंत जगणं आता सामान्य आहे. ऑफिसच्या भाडेकरारात सहसा दर तीन वर्षांनी १५ टक्क्यांच्या आसपास वाढ लिहिलेली असते. भाडं वाढलं तर वाटपही वाढायला वाव असतो. उरलेल्या पाच लाखांतले दोन-तीन लाख, तेही वर्षभरात हप्त्याहप्त्यानं आणि एकाऐवजी दोन-तीन रीटमध्ये, असं प्रमाण मोडलं तरी पोटाला चिमटा बसणार नाही. बाकीचे इंडेक्स फंडात ठेवता येतील, कारण रीट मिळालेलं जवळपास सगळं वाटून टाकतो, स्वतः वाढायला त्याच्याकडे फार शिल्लक राहत नाही. नव्या इमारती घ्यायच्या तर तो कर्ज काढतो किंवा नवे युनिट विकतो.

चाळिशीतल्या माणसाचं गणित वेगळं. त्याला आज भाड्याची गरज नाही. पण वाटपाचे पैसे थेट बँक खात्यात येतात, आणि खात्यात आलेले पैसे गणपतीला किंवा मुलांच्या फीला निघून जातात. वीस वर्षांची गुंतवणूक करायची तर दर तिमाहीला आलेल्या रकमेचे पुन्हा युनिट घ्यावे लागतील. हे हातानं, आठवणीनं. ते जमणार नसेल तर त्या वयात एनपीएस किंवा साधा इंडेक्स फंड बरा.

आणि चिंचणी-तारापूर भागात घराघरांतून दागिन्यांचे डाय बनवणारे कारागीर? त्यांना पीएफ नाही, ग्रॅच्युइटी नाही, नजर आणि हात चालतात तोवर कमाई. त्यांच्यासाठी रीट रांगेत बराच मागे येतो. वय चाळीसच्या आत असेल तर अटल पेन्शन योजना, मग पीपीएफ, मग आरोग्य विमा. एवढं झाल्यावर काही उरलं तरच.

ज्यांना तरीही अजमावून बघायचं आहे त्यांच्यासाठी एक स्वस्त मार्ग आहे. डिमॅट खातं असेल तर एखाद्या रीटचं एकच युनिट घ्यावं, आणि नाव सेबीच्या नोंदणीकृत यादीत आहे ना, हे आधी बघावं. पहिलं वाटप आलं की त्याचा तपशील वाचावा. व्याज किती, लाभांश किती, मुद्दल किती, इमारती किती टक्के भरलेल्या, कर्ज किती. सगळे रीट हे तिमाही निकालात जाहीर करतात. दोन तिमाह्या हे कागद वाचून समजले तर पुढचे पैसे टाकायला हरकत नाही. नाही समजले, तर गेले असतील ते शे-दोनशे रुपये, तेही युनिटचा भाव पडला असेल तरच.